बीच व्हॉलीबॉल : मूलभूत कौशल्ये व सराव

बीच व्हॉलीबॉल हा वाळूच्या मैदानावर, प्रत्येकी दोन खेळाडूंच्या दोन संघांत खेळला जाणारा व्हॉलीबॉलचा प्रकार आहे. यात राखीव खेळाडू नसतात आणि खेळाडूंच्या जागाही ठरलेल्या नसतात. त्यामुळे सर्व्हिस, स्वीकार, सेट, स्मॅश, ब्लॉक आणि बचाव ही सर्व कौशल्ये दोन्ही खेळाडूंना यावी लागतात. प्रस्तुत लेखात या कौशल्यांची रीत, त्यांमागील कारणे आणि नवशिक्या खेळाडूंसाठी उपयुक्त सराव-प्रकार दिले आहेत.

पार्श्वभूमी

व्हॉलीबॉलचा उगम १८९५ साली अमेरिकेतील होलिओक येथे विल्यम मॉर्गन यांच्या हातून झाला. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हवाई बेटे आणि कॅलिफोर्नियाच्या सांता मोनिका येथील पुळणींवर हा खेळ रुजला आणि तेथेच दोन-दोन खेळाडूंचा प्रकार लोकप्रिय झाला. १९८७ साली ब्राझीलमधील रिओ दि जानेरोच्या इपानेमा पुळणीवर आंतरराष्ट्रीय महासंघाच्या मान्यतेने स्पर्धा झाली. १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकपासून बीच व्हॉलीबॉल पदकांचा खेळ आहे. त्या वेळी पुरुषांत अमेरिकेचे कार्च किराय व केंट स्टेफेस आणि महिलांत ब्राझीलच्या जॅकी सिल्वा व सांद्रा पिरेस विजयी ठरल्या. अमेरिकेच्या मिस्टी मे-ट्रेनर व केरी वॉल्श जेनिंग्ज या जोडीने २००४, २००८ आणि २०१२ अशी सलग तीन ऑलिंपिक सुवर्णपदके मिळवली. आशियाई क्रीडास्पर्धांत हा खेळ १९९८ साली बँकॉक येथे आला. भारतात २०२५ साली दीव येथे झालेल्या पहिल्या खेलो इंडिया बीच गेम्समध्येही त्याचा समावेश होता.

मैदान, साहित्य व प्रमुख नियम

मैदान १६ मीटर लांब व ८ मीटर रुंद असते आणि त्याभोवती किमान ३ मीटर मोकळी जागा सोडतात. मध्यरेषा आखली जात नाही. वाळूचा थर किमान ४० सेंमी. जाड असावा. जाळीची उंची पुरुषांसाठी २.४३ मी. व महिलांसाठी २.२४ मी. असते. मुलामुलींसाठी ती कमी ठेवतात : १६ वर्षांपर्यंत २.२४ मी., १४ वर्षांपर्यंत २.१२ मी. आणि १२ वर्षांपर्यंत २ मी. चेंडूचा परीघ ६६ ते ६८ सेंमी. व वजन २६० ते २८० ग्रॅम असते. बंदिस्त सभागृहातील चेंडूपेक्षा त्यात हवेचा दाब कमी असतो, म्हणून तो हाताला मऊ लागतो आणि वाऱ्याने अधिक हलतो.

सामना तीन डावांचा असतो. पहिले दोन डाव २१ गुणांचे व तिसरा १५ गुणांचा असून डाव जिंकण्यासाठी दोन गुणांची आघाडी लागते. पहिल्या दोन डावांत दर ७ गुणांनी व तिसऱ्यात दर ५ गुणांनी संघ बाजू बदलतात. वारा व ऊन यांचा लाभ एकाच संघाला मिळू नये, हा त्यामागील हेतू आहे.

शिकणाऱ्याने पुढील तीन नियम आरंभीच समजून घ्यावेत, कारण कौशल्याची घडण त्यांवर अवलंबून आहे.

१. ब्लॉकला झालेला स्पर्श संघाच्या तीन स्पर्शांत मोजला जातो. ब्लॉकनंतर संघाकडे दोनच स्पर्श उरतात.
२. उघड्या हाताच्या बोटांनी चेंडू हलकेच जाळीपलीकडे टाकणे हा दोष आहे. असा चेंडू बोटांच्या पेरांनी, मुठीने किंवा ताठ ठेवलेल्या बोटांनी मारावा लागतो.
३. बोटांनी केलेला पास जाळीपलीकडे पाठवायचा असल्यास तो खांद्यांच्या रेषेला काटकोनातच, म्हणजे सरळ पुढे किंवा सरळ मागे, गेला पाहिजे. सहकाऱ्याला दिलेला सेट वाऱ्याने पलीकडे गेला तर मात्र दोष धरत नाहीत.

सहा खेळाडूंच्या खेळाहून वेगळेपण

बंदिस्त मैदानावर एका बाजूचे क्षेत्र ८१ चौरस मीटर असते व ते सहा जण सांभाळतात. म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला साधारण १३.५ चौरस मीटर येतात. वाळूवर ६४ चौरस मीटर दोघांत विभागले जातात. प्रत्येकी ३२ चौरस मीटर. पायाखालची वाळू सरकत असल्याने धाव मंदावते आणि उडीही कमी होते. जागा दुपटीहून अधिक आणि हालचाल मात्र मंद, अशा स्थितीत केवळ चपळाई पुरत नाही. चेंडू कोठे येणार हे आधी ओळखावे लागते.

दुसरा फरक अधिक महत्त्वाचा आहे. सहा जणांच्या संघात एखाद्याचा कच्चा स्वीकार इतरांच्या आड झाकता येतो. येथे तशी सोय नाही. प्रतिस्पर्धी दोघांपैकी दुबळ्या खेळाडूवरच सर्व्हिस करत राहतात. त्यामुळे त्यालाच स्वीकारही करावा लागतो आणि स्मॅशही मारावा लागतो. म्हणून या खेळात आवडीचे एक कौशल्य घोटण्यापेक्षा कच्चे कौशल्य पक्के करणे अधिक फलदायी असते.

वाळूवरील हालचाल

वाळूवर धावताना पाय पूर्ण तळव्याने टेकवावा. नुसत्या चवड्यांवर भार दिल्यास चवडा रुततो आणि पुढचे पाऊल उशिरा पडते. पावले आखूड व जलद टाकावीत. लांब अंतरासाठी शरीर वळवून सरळ धावणे बाजूला सरकत जाण्यापेक्षा सोयीचे ठरते. चेंडूला स्पर्श करण्यापूर्वी क्षणभर स्थिर होण्याची सवय सर्वांत आधी लावावी.

उडी मारताना कठीण जमिनीवर शेवटचे पाऊल लांब टाकून पुढच्या वेगाचे उडीत रूपांतर करता येते. वाळूत तसे केल्यास पाऊल पुढे घसरते व शक्ती वाया जाते. म्हणून शेवटची दोन पावले जवळजवळ टाकून, दोन्ही तळव्यांवर सारखा भार ठेवून सरळ वर उडावे. उजव्या हाताने मारणाऱ्याची शेवटची दोन पावले उजवे-डावे या क्रमाने पडतात. धाव उशिरा सुरू करावी. लवकर निघालेला खेळाडू चेंडूखाली जाऊन अडकतो आणि वाळूत मागे सरणे अवघड असते.

मूलभूत कौशल्ये

सर्व्हिस : नवशिक्याने प्रथम उभ्याने केलेली, फिरकी नसलेली तरंगती सर्व्हिस शिकावी. चेंडू कमी उंच उडवावा, तळहाताचा टणक भाग चेंडूच्या मध्यावर मारावा व मारताच हात थांबवावा. फिरकी नसलेला चेंडू हवेत डुलतो आणि त्याचा मार्ग ओळखणे कठीण होते. त्यानंतर उडी घेऊन केलेली तरंगती सर्व्हिस आणि शेवटी पुढे फिरकी देऊन केलेली जोरदार सर्व्हिस शिकावी. खालून मारून चेंडू फार उंच पाठवण्याचाही एक प्रकार आहे. ऊन डोळ्यांवर येत असताना किंवा वारा लहरी असताना तो उपयोगी पडतो. सर्व्हिस कोठे करावी याचे साधे सूत्र असे : दोघांच्या मधोमध, कडेच्या रेषेजवळ किंवा जाळीजवळ आखूड. तिन्ही ठिकाणी स्वीकारणाऱ्याला आपली जागा सोडावी लागते.

स्वीकार : सर्व्हिस बहुधा अंडरहँड पासने घेतात. गुडघे वाकलेले, कोपरे सरळ, दोन्ही बाहू एकाच पातळीत आणि चेंडूचा स्पर्श मनगट व कोपर यांच्या मधल्या सपाट भागावर असावा. हात झोकू नयेत. दिशा बाहूंच्या कोनाने द्यावी. चेंडू एका ठरलेल्या जागी पोचवण्याऐवजी स्वीकारणाऱ्याने तो स्वतःच्या समोर, जाळीपासून साधारण दोन मीटरवर, पुरेसा उंच ठेवावा. सहकारी त्या जागी धावत येतो आणि स्वीकारणाऱ्याला स्मॅशसाठी सरळ रेषेत धाव घेता येते. जाळीला फार जवळ गेलेला पास सर्वांत घातक असतो, कारण त्यावर प्रतिस्पर्धी ब्लॉक करणाराही झडप घालू शकतो.

सेट : सेट दोन प्रकारे देतात, बाहूंनी किंवा बोटांनी. वाळूवरच्या खेळात बोटांच्या सेटमधील दुहेरी स्पर्शाकडे पंच बारकाईने पाहतात. म्हणून आरंभी बाहूंचा सेट पक्का करावा. चेंडूखाली पोचून, खांदे लक्ष्याकडे वळवून, पायांच्या रेट्याने चेंडू उचलावा. चेंडू जाळीपासून साधारण एक मीटरवर आणि स्मॅश मारणाऱ्याच्या पुढ्यात उतरावा. सेट दिल्यावर काम संपत नाही. तोच खेळाडू पलीकडील मोकळी जागा पाहून सहकाऱ्याला हाक देतो आणि लगेच स्मॅशच्या मागे सावरायला जातो.

आक्रमण : जोरदार स्मॅश हा आक्रमणाचा एक मार्ग झाला. वाळूवर बचाव करणारा एकच खेळाडू मागे असल्याने नेमका टाकलेला हलका चेंडूही तितकाच गुण मिळवून देतो. तीन फटके प्रत्येकाला यावेत : ब्लॉकवरून उंच जाऊन रेषेलगत मागे पडणारा, तिरपा लांब कोपऱ्यात जाणारा आणि जाळीला जवळजवळ समांतर जाऊन समोरच्या कडेला आखूड पडणारा. तिन्हींची धाव, उडी व हात मागे नेण्याची रीत स्मॅशसारखीच असावी. बदल केवळ शेवटच्या क्षणी मनगटात व्हावा. हाताचा वेग आधीच कमी झालेला दिसला की बचाव करणारा पुढे धावतो.

ब्लॉक : ब्लॉक करणाऱ्याने चेंडूकडे टक लावून न पाहता सेटची दिशा, स्मॅश मारणाऱ्याची धाव व खांदा या क्रमाने नजर फिरवावी. स्मॅश मारणारा उडाल्यावर किंचित उशिराने उडून हात जाळीपलीकडे न्यावेत. सेट जाळीपासून दूर असेल तर उडण्यात अर्थ नसतो. अशा वेळी जाळी सोडून मागे येत बचावात सामील व्हावे.

बचाव : मागील खेळाडूने जाळीपासून साधारण पाच ते सहा मीटरवर उभे राहावे आणि चेंडूवर हात पडण्यापूर्वी स्थिर व्हावे. चालत्या पायांनी दोन्ही दिशा बंद होतात. जोरदार फटक्याच्या बचावात चेंडू क्षणभर बोटांत थांबला तरी नियम तो चालवून घेतो. त्यामुळे डोक्याजवळ येणारा चेंडू दोन्ही हातांनी वरच्या वर अडवण्याचा सराव करावा. वाचवलेला चेंडू उंच व मैदानाच्या मध्याकडे जावा, म्हणजे सहकाऱ्याला पोचायला वेळ मिळतो.

दोघांतील संवाद व खुणा

सर्व्हिसपूर्वी जाळीपाशी उभा असलेला खेळाडू पाठीमागे हात नेऊन खुणा करतो. डाव्या हाताची खूण त्याच्या डावीकडील प्रतिस्पर्ध्यासाठी आणि उजव्या हाताची उजवीकडील प्रतिस्पर्ध्यासाठी असते. एक बोट म्हणजे रेषेलगतचा मार्ग अडवणार, दोन बोटे म्हणजे तिरपा मार्ग अडवणार आणि बंद मूठ म्हणजे ब्लॉक न करता मागे येणार. ब्लॉक करणारा एक मार्ग अडवतो व मागचा खेळाडू दुसरा सांभाळतो. दोघांनी एकच मार्ग अडवल्यास दुसरा संपूर्ण मोकळा राहतो.

खुणांइतकीच हाक महत्त्वाची आहे. मधोमध येणाऱ्या सर्व्हिसवर ‘माझा’ ही हाक चेंडू जाळी ओलांडण्यापूर्वी यावी. स्मॅशच्या वेळी सहकाऱ्याने ‘रेषा’, ‘तिरपा’ किंवा ‘मोकळे’ असा एकच शब्द उच्चारावा. लांब वाक्य ऐकून ते अमलात आणण्याइतका वेळ हवेत नसतो.

वारा व ऊन

समोरून वारा येत असलेली बाजू सामान्यतः लाभदायक मानतात. त्या बाजूने मारलेला चेंडू वाऱ्याने अडून मैदानातच पडतो, म्हणून सर्व्हिस व स्मॅश निर्धास्तपणे मारता येतात. पाठीमागून वारा असलेल्या संघाचा चेंडू बाहेर वाहत जातो. त्या संघाने पास बुटका व जाळीपासून अधिक दूर ठेवावा. वारा आडवा असेल तर सेट वारा येतो त्या बाजूस थोडा अधिक द्यावा.

शालेय भूगोलातील खारे वारे व मतलई वारे यांचा येथे प्रत्यक्ष उपयोग होतो. कोकण-गोव्याच्या किनाऱ्यावर सकाळी वारा मंद असतो. दुपारनंतर समुद्राकडून खारा वारा जोर धरतो. म्हणून सेट व स्वीकार यांचे पहिले धडे सकाळी द्यावेत आणि वाऱ्यातील सराव सायंकाळी घ्यावा. हा किनारा साधारण उत्तर-दक्षिण असल्याने मैदानाची लांबी किनाऱ्याला समांतर ठेवली, तर मावळतीचे ऊन कोणत्याही संघाच्या थेट डोळ्यांवर येत नाही.

सराव-प्रकार

१. पाऊल-सराव : पाच मीटर बाजूच्या चौकोनाच्या कोपऱ्यांवर खुणा ठेवाव्यात. शिक्षकाने कोपऱ्याचा क्रमांक पुकारताच धावत जाऊन, थांबून, पासच्या स्थितीत यावे. ३० सेकंद काम व ३० सेकंद विश्रांती, अशा सहा फेऱ्या कराव्यात. थांबल्याशिवाय फेरी मोजू नये.

२. लक्ष्यावर सर्व्हिस : प्रतिस्पर्ध्याच्या मैदानाचे दोरीने सहा भाग पाडावेत. खेळाडूने आधी भाग पुकारावा व मग सर्व्हिस करावी. दहापैकी किती नेमक्या पडल्या याची नोंद ठेवावी. सहा नेमक्या पडू लागल्यावर उडीच्या सर्व्हिसकडे वळावे.

३. पास-सेट-झेल : तिसऱ्या खेळाडूने जाळीपलीकडून हाताने चेंडू टाकावा. पहिल्याने पास, दुसऱ्याने सेट द्यावा आणि पहिल्याने धाव घेऊन, उडी मारून चेंडू डोक्यावर, मारणाऱ्या हातासमोर झेलावा. झेल पुढे, मागे की बाजूला घ्यावा लागला यावरून सेट व धाव यांतील दोष लगेच कळतो. दहा झेल नीट झाल्यावर हाताने टाकण्याऐवजी सर्व्हिस करावी.

४. दोघांची साखळी : दोन खेळाडूंनी सहा-सात मीटर अंतरावर समोरासमोर उभे राहावे. एकाने हलका फटका मारावा, दुसऱ्याने तो वाचवावा, पहिल्याने सेट द्यावा, दुसऱ्याने फटका मारावा. चेंडू न पडता वीस स्पर्श होणे हे पहिले उद्दिष्ट ठेवावे.

५. पाहून फटका : जाळीपलीकडे एक खेळाडू मधोमध उभा राहतो आणि चेंडू सेटच्या सर्वोच्च बिंदूवर असताना एका बाजूस सरकतो. स्मॅश मारणाऱ्याने रिकाम्या बाजूस चेंडू टाकावा. सुरुवातीस सहकाऱ्याने हाक द्यावी. पुढे हाकेविना सराव करावा.

६. जाळी सोडून मागे : शिक्षक कधी जाळीजवळ, कधी दूर सेट देतो. ब्लॉक करणाऱ्याने उडायचे की मागे यायचे हे स्वतः ठरवावे. मागे येताना चेंडूवरची नजर हटू देऊ नये.

७. राजा मैदानाचा : तीन किंवा अधिक जोड्या असल्यास एक बाजू ‘राजा’ची ठरवावी. दुसऱ्या बाजूने जोड्या आळीपाळीने सर्व्हिस करतात. फेरी जिंकणारी जोडी राजाच्या बाजूला जाते आणि गुण केवळ त्याच बाजूला मिळतो. या खेळात प्रत्येक चेंडूवर स्वीकाराचे दडपण राहते, म्हणून सामन्याची तयारी उत्तम होते.

सरावाचे नियोजन

आठवड्यातून तीन दिवस, प्रत्येकी ९० मिनिटे, असा आराखडा शालेय खेळाडूंना झेपतो : १५ मिनिटे अंग मोकळे करणे व पाऊल-सराव, १५ मिनिटे सर्व्हिस व स्वीकार, २० मिनिटे पास-सेट-झेल, १५ मिनिटे फटके, २० मिनिटे सामनावजा खेळ व ५ मिनिटे अंग सैल करणे. पहिला महिनाभर ब्लॉक शिकवू नये. पास आणि सेट नीट होत नाहीत तोवर स्मॅशच घडत नाही, मग ब्लॉक अडवणार काय? चौकोनाचा अर्धा भागच वापरून एकास-एक खेळ घेतल्यास प्रत्येकाला चेंडूचे स्पर्श अधिक मिळतात.

नेहमी आढळणाऱ्या चुका

– पास देऊन जागीच उभे राहणे. पास होताच स्मॅशसाठी बाहेरच्या बाजूने धाव घेण्याची तयारी करावी.
– सहकाऱ्याकडे सर्व्हिस गेल्यावर पाहत राहणे. त्याच क्षणी जाळीकडे निघाल्याशिवाय सेट वेळेवर देता येत नाही.
– प्रत्येक चेंडू पूर्ण जोराने मारणे. वाईट सेटवर मैदानाच्या मागील मध्याकडे चेंडू टाकून बचावास परतावे.
– चुकलेल्या सहकाऱ्याला रागावणे. दुसरा सहकारी मैदानावर नसतो. पुढचा चेंडू त्याच्याच बरोबर खेळायचा असतो.

सुरक्षितता

सरावापूर्वी वाळू चाळून शिंपले, काचा व दगड वेचावेत. तापलेल्या वाळूने तळवे भाजतात. उन्हाळ्यात सकाळी लवकर किंवा सायंकाळीच खेळावे, टोपी घालावी व तहान लागण्याची वाट न पाहता पाणी प्यावे. वाळूवरील पडण्याने इजा कमी होते, तरी पोटरी, घोटा व खांदा यांवर ताण येतो. म्हणून जोरदार सर्व्हिस व स्मॅश यांची संख्या हळूहळू वाढवावी. खांदा दुखत असताना मारणे थांबवावे. ओहोटीच्या वेळी उघडी पडणारी ओली वाळू घट्ट असते व तीवर नवशिक्यांना धावणे सोपे जाते. परंतु उड्यांच्या सरावासाठी कोरडी मऊ वाळूच निवडावी. किनाऱ्यावर भरतीची वेळ पाहून जागा ठरवावी आणि पावसाळ्यात समुद्रालगत सराव टाळावा.

समुद्रापासून दूर सराव

हा खेळ शिकण्यासाठी समुद्र आवश्यक नाही. मैदान व भोवतालची ३ मीटर जागा मिळून २२ × १४ मीटर, म्हणजे ३०८ चौरस मीटर क्षेत्र होते. त्यावर ४० सेंमी. थर टाकण्यास सुमारे १२३ घनमीटर, म्हणजे साधारण ४३ ते ४४ ब्रास वाळू लागते. हा खर्च प्रत्येक शाळेला परवडणारा नाही. तथापि पाऊल-सराव, पास-सेट-झेल व दोघांची साखळी हे प्रकार लांब उडीच्या वाळूच्या हौद्यातही काही अंशी करता येतात आणि पास, सेट व सर्व्हिस यांचा पाया साध्या मातीच्या मैदानावरही घालता येतो. वाळूची सवय त्यानंतर लागते. कच्चा पास मात्र कोणत्याही मैदानावर कच्चाच राहतो.

२०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक मिळवणाऱ्या स्वीडनच्या दाविद ओमान व योनातान हेल्विग यांनी उडी घेऊन दिलेला सेट आणि दुसऱ्याच स्पर्शावर केलेले आक्रमण यांचा प्रभावी वापर केला. दुसऱ्या स्पर्शावर मारायचे की सेट द्यायचा, हे त्यांना हवेत असताना ठरवता येते, कारण पहिला पास अचूक आणि उंच असतो. खेळाची ही अद्ययावत रीतही अखेर स्वीकाराच्या त्याच प्राथमिक धड्यावर उभी आहे.